सत्तावीस मोठे कीं अठ्ठावीस ?

गेल्या वैशाखांत एके दिवशीं सकाळीं, थोरल्या वहिनी देवघरांत नैवेद्य दाखवीत असतां, आमच्या अंगणांत सुतळी बाँब फुटावा तसा आवाज झाला. छपरावरचीं कबुतरें उडालीं, शेजारचीं माणसें धांवत आलीं, आणि ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत बसलेले आम्ही चष्मा सांवरीत बाहेर आलों. पाहतों तों आमचा नातू, म्हणजे पुतण्याचा मुलगा, दोन्ही कान झांकून उकिडवा बसलेला. पुढ्यांत पंप पडलेला. आणि सायकलीच्या पुढल्या चाकावरून टायर निघून एका बाजूस लोंबत असलेला. ट्यूबच्या चिंध्या जाईच्या वेलावर अडकल्या होत्या. मुलास कांहीं इजा झाली नाहीं. अर्धा दिवस कान वाजत राहिले एवढेंच. परंतु तो स्फोट अंगणांत न होतां तासाभरानें औशाच्या रस्त्यावर, मागून ट्रक येत असतांना झाला असता तर काय झालें असतें, हा विचार त्या दिवशीं घरांतील प्रत्येकाच्या मनांत होता आणि कोणींहि तो उच्चारला नाहीं.

ह्या प्रकारांत दोष कोणाचा, हें प्रथमच सांगून टाकलेलें बरें. दोष आमचा.

नातू पुण्यास अभियांत्रिकी शिकतो. तेथें त्यानें वांकड्या हँडलची, बारीक चाकांची एक हलकी सायकल जुनी म्हणून विकत घेतली आणि सुटींत ती घरीं आणिली. ह्या प्रकारच्या सायकलींचें वेड महाराष्ट्रांत अलीकडे पुष्कळच वाढलें आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन ह्या बंधूंनीं २०१५ सालीं अमेरिका आडवी ओलांडण्याची सुमारें ४८०० किलोमीटरांची शर्यत दोघांच्या संघानें पुरी केली, तेव्हांपासून तर डॉक्टर, वकील, प्राध्यापक मंडळीहि पहांटे हेल्मेट घालून रस्त्यावर दिसूं लागलीं आहेत. असो. लातुरास आल्यावर चौथ्याच दिवशीं पुढला टायर वेड्या बाभळीच्या कांट्यानें व कांचेनें मिळून असा फाटला कीं तो बदलण्यावांचून गत्यंतर राहिलें नाहीं. आम्ही दोघेहि दुकानांत गेलों. दुकानदार आमचा जुना विद्यार्थी. त्याच्याजवळ तसा टायर नव्हता. होता तो २७ × १ १/४. त्यानें तो हातांत घेऊन चाकाला लावून पाहिला आणि म्हणाला, "गुरुजी, ह्यो ढिला बसंल बघा. नंबर येगळा हाय."

आम्हीं जुना टायर उचलून पाहिला. त्यावर मोठ्या अक्षरांत ७०० × २५ सी असें कांहीं आमच्या आकलनापलीकडचें लिहिलेलें होतें, आणि शेजारींच २८ × १.०० असें छापलेलें होतें. झालें! चौतीस वर्षें संस्कृत व गणित शिकविल्याचा अभिमान जागा झाला. आम्ही त्यास म्हणालों, "अरे, सत्तावीस हे अठ्ठाविसांहून कमी. लहान वस्तु मोठीवर बसविली तर ती घट्ट होईल. ढिली कशी होईल?" बिचारा गप्प बसला. विद्यार्थी गुरुजींस उलट उत्तर देत नाहीं, आणि तेथेंच घात झाला. टायर चढवितांना पान्याची गरज लागली नाहीं, नुसत्या अंगठ्यांनीं तो आंत गेला. खरें म्हणजे ती धोक्याची सूचना होती. आम्ही तिला सोय समजलों. दुसऱ्या दिवशीं नातवानें हवा भरावयास घेतली आणि साठ पौंडांचा आंकडा दिसतो न दिसतो तोंच वर वर्णिलेला प्रकार घडला.

दुपारीं आम्हीं पंचांग वाचण्याचें भिंग घेतलें आणि दोन्ही टायर ओसरीवर आडवे टाकून त्यांचे अंग न् अंग वाचून काढलें. जुन्या टायरवर, धुळीनें भरलेल्या बारीक उठावाच्या अक्षरांत, २५-६२२ असे आंकडे सांपडले. नव्यावर तशाच बारीक अक्षरांत ३२-६३०. मग नातवानें चाकाच्या खोबणींतील कापडी पट्टी सोडविली. तिच्याखालीं धातूवर ६२२ × १७ सी असें कोरलेलें निघालें. म्हणजे चाक मागत होतें ६२२, आणि आम्हीं त्यास दिलें ६३०. आठ मिलिमीटरांचा फरक. आमचा सत्तावीस त्याच्या अठ्ठाविसाहून मोठा होता !

हें ६२२ काय आहे, तें समजावयाचें तर टायर चाकावर टिकतो कशाच्या जोरावर, तें आधीं पाहिलें पाहिजे. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकास लोखंडी धाव चढवितात, ती पुष्कळांनीं पाहिली असेल. लोहार धाव लांकडी चाकाहून किंचित् लहान करतो, गोवऱ्यांच्या आगीत ती लाल करतो, तापून ती फुगली कीं चाकावर बसवितो आणि वर पाणी ओततो. थंड होतांना धाव आवळते व चाकास जन्माची मिठी मारते. तेथें मापांतली लहानशी चूक आग सांभाळून घेते. सायकलीच्या टायरचें तसें नाहीं. त्याच्या दोन्ही कांठांत पोलादी तारेचें एकेक कडें शिवलेलें असतें (भारी टायरांत पोलादाऐवजीं न ताणणाऱ्या धाग्याचें). हें कडें ताणत नाहीं आणि आवळतहि नाहीं. चाकाची धातूची कड, जिला अमरकोशांत नेमि किंवा प्रधि म्हटलें आहे व बाजारांत रिम म्हणतात, तिच्या आंतील दोन्ही बाजूंस ह्या तारेसाठीं एक अरुंद बैठक केलेली असते. हवा भरली कीं टायर फुगून बाहेर पडूं पाहतो. तार त्यास बैठकीवर रोखून धरते. ६२२ हा त्या बैठकीचा मिलिमीटरांतील व्यास होय. तारेचें कडें आणि बैठक एकाच व्यासाचीं असलीं तर शंभर पौंड हवासुद्धां सुखानें राहते. कडें मोठें असलें तर तें एका बाजूस वर चढतें, ट्यूब त्या फटींतून बाहेर येते आणि फुटते. कडें लहान असलें तर टायर चढतच नाहीं, आणि बळजबरी केली तर तार तुटते किंवा रिम वांकते.

वाचकांपैकीं मोटार बाळगणारांस येथें एक तुलना उपयोगी पडेल. मोटारीच्या टायरांत साधारणतः तीस ते पस्तीस पौंड हवा असते. ह्या बारीक सायकलींच्या टायरांत ती ऐंशी पौंड व वरहि जाते. म्हणजे प्रत्येक चौरस इंचावर ऐंशी पौंडांचा रेटा. बोटाएवढ्या जाडीच्या वस्तूंत एवढें बळ कोंडलेलें असतें हें तिच्याकडे पाहून मुळींच वाटत नाहीं.

ही तारेची युक्ति जुनी आहे. बेलफास्ट येथें राहणाऱ्या जॉन बॉइड डनलप नांवाच्या पशुवैद्यानें आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठीं हवेचा टायर तयार केला आणि १८८८ सालीं त्याची सनद घेतली. तत्पूर्वीं १८४५ सालीं रॉबर्ट विल्यम टॉम्सन ह्यानेंहि तीच कल्पना नोंदविली होती. पण तेव्हां सायकल नव्हती, म्हणून ती कल्पना विसरली गेली. डनलपचा पहिला टायर चाकास कायमचा चिकटविलेला असे, त्यामुळें पंक्चर काढणें हें तासांचें काम होई. १८९० सालीं चार्ल्स किंग्स्टन वेल्च ह्यानें कांठांत तार घातलेला व रिमवरून काढतां घालतां येणारा टायर शोधून काढला. आज लातूरच्या कोणत्याहि कोपऱ्यावरचा पंक्चरवाला दहा मिनिटांत जें काम करतो, त्याचें मूळ वेल्चच्या त्या तारेंत आहे.

आतां प्रश्न असा कीं व्यास ६२२ आणि ६३० असतां त्यांस अठ्ठावीस आणि सत्तावीस हीं उलटीं नांवें पडलीं कशीं? ह्या प्रश्नानें आमची झोंप उडविली, आणि सेवानिवृत्त शिक्षकास झोंप उडविणारा प्रश्न मिळणें ही भाग्याचीच गोष्ट म्हणावयाची.

सायकली नवीन होत्या तेव्हां लोक चाकाचें माप बाहेरून घेत. हवा भरलेल्या टायरसकट चाक किती इंच उंच, तें त्याचें नांव. आंतील रिमचा व्यास कोणी विचारीत नसे. आमच्या वडिलांची काळी, दांड्यांच्या ब्रेकची सायकल घ्या. तिच्यावर २८ × १ १/२ असा टायर असे. एक इंच म्हणजे २५.४ मि. मी.; अठ्ठावीस इंच म्हणजे ७११ मि. मी. त्यांतून दोन्ही बाजूंच्या दीड दीड इंच जाडीचे मिळून ७६ वजा करा. बाकी राहते ६३५. आणि त्या टायरवरील बारीक आंकडा पाहिलात तर तो खरोखरच ६३५ निघतो ! खेडोपाडीं दूधवाल्यांच्या ज्या उंच काळ्या सायकली अजून दिसतात, त्यांचें चाक हेंच.

ही किल्ली हातीं येतांच आम्हीं सव्वीस इंची सर्व टायर सोडवून पाहिले. सव्वीस इंच म्हणजे ६६० मि. मी. टायर १ ३/८ इंच जाड असला तर खालीं रिम उरते ५९० ची. दीड इंच जाड असला तर ५८४ ची. पावणेदोन इंच असला तर ५७१ ची. दोन इंच असला तर ५५९ ची. सव्वा इंच असला तर ५९७ ची. बाहेरून सर्व सव्वीस. आंतून पांच निरनिराळीं चाकें, आणि एकाचा टायर दुसऱ्यास बसत नाहीं. बाहेरची उंची कायम ठेवून टायर जाड करीत गेलें म्हणजे रिम लहान होत गेली, एवढेंच ह्यांतील रहस्य. पुढें टायरांच्या जाड्या बदलल्या, रिमा त्याच राहिल्या, आणि नांवेंहि तींच राहिलीं. आमच्या आळींत तीन कुलकर्णी आहेत. एकाच्याहि घरीं गांवचें दप्तर नाहीं. तसेंच हें.

ह्यांत एक जागा अशी आहे कीं जेथें गणिताच्या शिक्षकानें कान धरावा. २६ × १ ३/४ आणि २६ × १.७५ हे दोन टायर एकमेकांस पर्यायी नाहींत. अपूर्णांकानें लिहिलेल्याची बैठक ५७१, दशांशानें लिहिलेल्याची ५५९. आम्हीं आयुष्यभर मुलांस शिकविलें कीं पाऊण म्हणजेच .७५, आणि जो तसें लिहीत नसे त्यास उभें केलें. सायकलीच्या धंद्यांत मात्र अपूर्णांकाची जात वेगळी आणि दशांशाची जात वेगळी, आणि त्यांचा बेटीव्यवहार नाहीं !

वरील किल्ली सांपडल्याचा आनंद आम्हांस एक रात्र टिकला. सकाळीं आम्हीं ती आमच्या फसलेल्या टायरास लावली. सत्तावीस इंच म्हणजे ६८६, त्यांतून सव्वा इंचाच्या दुपटीचे ६४ वजा, बाकी ६२२! म्हणजे आमच्या सूत्राप्रमाणें तो टायर त्या चाकावर चपखल बसावयास हवा होता. पण तो बसला नाहीं, कारण २७ इंची चाकाची बैठक धंद्यांत पूर्वींपासून ६३० चीच ठरलेली आहे. सूत्र सर्वत्र खरें ठरलें आणि नेमकें जेथें मुलाचा जीव गुंतला होता तेथें खोटें ठरलें. तेव्हांपासून आम्ही ह्या विषयांत अनुमानप्रमाण सोडून दिलें असून केवळ प्रत्यक्षप्रमाण मानतों. जें कोरलेलें आहे तें भिंगानें वाचावें. तर्क चालवूं नये.

७०० सी ह्या नांवाची हकीकतहि अशीच. फ्रेंचांनीं इंचांऐवजीं मिलिमीटर घेतले आणि बाहेरून ७०० मि. मी. उंच चाकाचे ए, बी, सी असे प्रकार केले. ए बारीक टायराचा, सी सर्वांत जाड टायराचा. सी चा मूळ टायर सुमारें चाळीस मि. मी. जाड होता, म्हणून रिम ६२२ ची झाली. आज त्याच रिमवर पंचवीस मि. मी. चा टायर घालतात. मग बाहेरची उंची ६७२ भरते, ७०० नव्हे. इंचांत ती साडेसव्वीसहि पुरती होत नाहीं. तरी टायरवर ७०० लिहितात आणि शेजारीं २८ हि लिहितात ! डोंगरी सायकलींच्या व्यापाऱ्यांनीं अलीकडे २९ इंची म्हणून जें नवें चाक आणिलें, तें तरी काय? तीच ६२२ ची बैठक, वर जाड टायर. आणि साडेसत्तावीस म्हणून जें विकतात तें आमचें वर आलेलें ५८४. म्हणजे साडेसत्तावीस हें सत्तावीसाहून जवळजवळ पांच सेंटिमीटरांनीं लहान. ह्याला काय म्हणावें तें वाचकांनींच ठरवावें.

ह्या गोंधळांतून सोडविणारा जो बारीक आंकडा आम्ही सांगत आहों, तो युरोपांतील टायर व रिम करणारांच्या तांत्रिक संघटनेनें, जिचें आद्याक्षरी नांव ईटीआरटीओ आहे, ठरविलेल्या पद्धतीचा होय. पुढें तीच पद्धति आंतरराष्ट्रीय मानकांत आयएसओ ५७७५ ह्या क्रमांकानें आली. २५-६२२ ह्यांत पहिली संख्या टायरची रुंदी, दुसरी तार-बैठकीचा व्यास. दोन्ही मिलिमीटरांत. पहिलींत थोडी मोकळीक आहे. दुसरींत मुळींच नाहीं.

लातूरकरांस हें समजावयास खरें तर वेळ लागूं नये. बार्शी लाइट रेल्वे १८९७ सालीं सुरू झाली आणि १९११ सालीं आमच्या गांवापर्यंत आली. तिच्या रुळांतील अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मि. मी.; कुर्डुवाडीहून पुढें मुंबईस जाणाऱ्या मोठ्या गाडीच्या रुळांतील अंतर १६७६ मि. मी. डबा कितीहि मजबूत असो, एंजिन कितीहि जोराचें असो, कुर्डुवाडीस प्रत्येक पोतें उतरवून दुसऱ्या गाडींत चढवावें लागे. हें आमच्या पिढीनें डोळ्यांनीं पाहिलें आहे. ह्या शतकाच्या पहिल्या दशकांत हा मार्ग रुंद झाला. आणि २०१६ च्या एप्रिलांत, गांवांत पिण्यास पाणी नव्हतें तेव्हां, मिरजेहून पाण्याच्या टांक्या भरून निघालेली गाडी थेट लातुरास येऊन उभी राहिली. त्या दिवशीं स्थानकावर जमलेल्यांपैकीं किती जणांच्या मनांत रुळांच्या मापाचा विचार आला असेल कोण जाणें. पण तें माप जुळलेलें नसतें तर ते पाणी कुर्डुवाडीस अडलें असतें.

आतां पहिल्या संख्येविषयीं. नातवाच्या रिमवर ६२२ च्या पुढें १७ सी असें होतें. ही रिमच्या दोन भिंतींमधील आंतील रुंदी. ह्यांतील सी हा भिंतींच्या कडांच्या आकाराचा निदर्शक आहे. ७०० सी मधल्या सी शीं त्याचा कांहीं संबंध नाहीं, आणि हें न कळल्यामुळें आमचा एक अख्खा दिवस वायां गेला. टायर आंतील रुंदीच्या साधारण दीडपट ते दुप्पट असावा असा ठोकताळा आहे. सतराच्या रिमवर पंचवीस, अठ्ठावीस, बत्तीस हे चांगले बसतात. त्याहून फारच जाड घातला तर वळणावर तो बाजूस कलतो आणि सायकल डुलते; फारच बारीक घातला तर खड्ड्यांत रिमच टेंकते. आमच्याकडील रस्ते पाहतां, चौकटींत जागा असेल तितका जाड टायर घ्यावा आणि हवा थोडी कमी ठेवावी हें उत्तम. जाड टायरास कमी हवा पुरते, पाठीस धक्के कमी बसतात, आणि वेग कमी होतो ही समजूतहि खडबडीत रस्त्यावर खरी ठरत नाहीं. नातू हें प्रथम मानीत नव्हता. दोन दिवस रेणापूरच्या रस्त्यावर जाऊन आल्यावर मानूं लागला.

कडांच्या आकाराचा विषय निघाला आहे तर एक इशारा देणें आमचें कर्तव्य आहे. बहुतेक रिमांच्या भिंतींची वरची कड आंत वळलेली असते. ही आंकडी टायरास धरून ठेवते. जुन्या काळ्या सायकलींच्या रिमांस ती नसे, पण त्यांत हवाहि बेताची असे. अलीकडे कांहीं महागड्या सायकलींवर पुन्हां बिनआंकडीच्या रिमा येऊं लागल्या आहेत. त्यांवर त्यांच्यासाठींच म्हणून निर्दिष्ट केलेले टायर घालावे लागतात आणि हवा पांच बार, म्हणजे सुमारें बहात्तर पौंडांच्या वर चालत नाहीं. २०२४ च्या फेब्रुवारींत संयुक्त अरब अमिरातींतील शर्यतींत थॉमस डी गेंट हा नांवाजलेला बेल्जियन सायकलपटु अशाच रिमवरून टायर सुटून पडला, आणि पंचवीस मि. मी. रुंद रिमवर अठ्ठावीसचा टायर घालावा कीं नाहीं, ह्यावर मोठा वाद माजला. ज्यांच्या दिमतीस यंत्रज्ञांचा ताफा असतो त्यांची ही कथा. मग पेट्रोल पंपावरच्या यंत्रानें भसकन् हवा मारून घेणाऱ्या आमच्या मुलांचें काय? घरांत अशी सायकल आली असेल तर तिच्या रिमवर काय लिहिलें आहे तें वडील माणसांनीं एकदां स्वतः वाचावें.

ट्यूबच्या बाबतींत एवढी चिंता नको. ती रबराची, ताणणारी. ६२२ ची ट्यूब ६३० मध्यें बिनदिक्कत चालते, जाडी मात्र जवळपासची असावी. तिच्या व्हॉल्व्हचें तेवढें पाहावें. रिमचें भोंक साडेसहा मि. मी. चें असलें तर त्यांतून फक्त बारीक, प्रेस्टा नांवाचा व्हॉल्व्ह जातो. मोटारीसारख्या जाड व्हॉल्व्हास साडेआठचें भोंक लागतें.

आतां कोणी विचारील कीं जुन्या रिमवर कांहींच कोरलेलें नसेल, किंवा गंजून गेलें असेल तर? आमच्या माळ्यावर अशी एक सायकल होतीच. तिच्यासाठीं आम्हीं भास्कराचार्यांस शरण गेलों. टायर, ट्यूब व पट्टी काढून, रिमच्या आंतील ज्या बैठकीवर टायरची तार टेंकते तीवरून न ताणणारा बारीक दोरा एकदां पुरता फिरवावा, जेथें टोंक मिळेल तेथें खूण करावी आणि तो सरळ धरून मोजावा. शिंप्याची कापडी पट्टी घेऊं नये, ती ताणते. आलेल्या परिघास ३.१४१६ नें भागलें कीं बैठकीचा व्यास येतो. लीलावतींत परिघ काढण्याची सूक्ष्म रीत ३९२७ व १२५० ह्यांच्या प्रमाणानें सांगितली आहे, ती हीच. आणि व्यवहारासाठीं स्थूल म्हणून २२ व ७ दिले आहेत. सायकलीस स्थूलहि पुरतें, कारण दोहोंत फरक पडतो तो एका मिलिमीटराच्याहि आंत. परिघ १९५ सेंटिमीटरांच्या जरा वर आला तर चाक ६२२ चें; १९८ च्या जरा आंत आला तर ६३० चें; साडेनव्व्याण्णव व शंभर, म्हणजे १९९ १/२, आला तर ६३५ चें. लहान चाकांत १८५ ला ५९०, १८३ १/२ ला ५८४ आणि १७५ १/२ ला ५५९ असें समजावें. व्यासांतील आठ मि. मी. परिघांत पंचवीस होतात, म्हणून दोऱ्यानें चूक लपत नाहीं. थोरल्या वहिनींनीं वातींसाठीं काढून ठेविलेलें सूत आम्हीं ह्या कामीं वापरलें. त्याबद्दल आम्हांस जें ऐकावें लागलें तें येथें सांगत नाहीं.

रिमच बदलून मोठ्या किंवा लहान व्यासाची घालण्याची कल्पना कोणी काढील, तर त्यास ब्रेकची आठवण द्यावी. ६३० च्या जागीं ६२२ ची रिम घातली तर तिची कड चार मि. मी. खालीं जाते. ब्रेकचे रबर तितके खालीं सरकत असतील तर ठीक; नसतील तर ते टायरास घासून तो कापतील. चकतीच्या ब्रेकास ही अडचण नाहीं.

मग आम्हीं घरांतल्या सर्व सायकली अंगणांत काढल्या. एकत्र कुटुंब असल्यामुळें त्या सात निघाल्या. दादांची जुनी काळी ६३५ ची. सूनबाईंची, जीवर मोठें २६ लिहिलें होतें, ती ५९० ची. आणि तिच्या मुलाची, तीवरहि मोठें २६ च लिहिलें होतें, ती ५५९ ची. गेल्या दिवाळींत एकीचा टायर दुसरीस घालण्याचा प्रयत्न करून पुतण्यानें पान्यानें बोट सोलून घेतलें होतें आणि दोष टायर बनविणारास दिला होता. आम्हीं प्रत्येक चौकटीवर, बसण्याच्या दांडीच्या खालीं, पांढऱ्या तेली रंगानें तिचा खरा आंकडा लिहून ठेविला. मुलांनीं कुरकुर केली कीं सायकली तुरुंगांतल्या कैद्यांसारख्या दिसतात. दिसोत.

नातवासाठीं २८-६२२ चा टायर पुण्याहून मागविला. तो चढवितांना मात्र पान्यासहि घाम फुटला, शेवटची वीतभर कड आंत ढकलतांना दादांनींहि हात लावला. नातू हवा भरूं लागला तेव्हां घरांतील मंडळी दारांच्या आड उभीं होतीं. वीस पौंडांवर थांबून त्यानें चाक फिरविलें, रिमच्या कडेशीं टायरवर जी बारीक रेघ असते ती सर्व बाजूंनीं सारखी दिसते कीं नाहीं तें पाहिलें, मग पुढची हवा भरली. कांहीं झालें नाहीं. वहिनी आंतून म्हणाल्या, "झालं का रे बाळा? मग देवाला नमस्कार कर आणि जा."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही तो फसलेला टायर घेऊन दुकानांत गेलों आणि आमच्या विद्यार्थ्यास स्पष्ट सांगितलें कीं तूं बरोबर होतास आणि गुरुजी चुकले. तो फार संकोचला. त्यानें चहा मागविला, टायर आलटून पालटून पाहिला आणि म्हणाला, "खराब झालेला न्हाई, गुरुजी. सत्तावीसची एक जुनी रेसर येती आपल्याकडं, तिला हूईल." पुढल्या आठवड्यांत तो गंजगोलाईजवळ एका वांकड्या हँडलच्या जुन्या सायकलीवर बसविलेला आम्हीं पाहिला. तिचा मालक भाजीची पिशवी अडकवून बाहेर उभा होता. त्याची परवानगी घेऊन आम्हीं वांकून रिम पाहिली. तीवर ६३० कोरलेलें होतें.